फुरसे चावलेला कुत्रा आणि तालुक्याचा दवाखाना

आमच्या घरामागच्या जांभ्याच्या गडग्यात फुरशी असतात हे घरातल्या सर्वांना ठाऊक आहे. ठाऊक नव्हते ते वाघ्याला. जूनमधल्या एका संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास, त्याने फटीत नाक खुपसले आणि तो केकाटत मागे आला. नाकपुडीशेजारी रक्ताचे दोन ठिपके दिसत होते आणि पाऊण तासाच्या आत थोबाड एका बाजूने सुजून डोळा अर्धा मिटला होता.

सूज गळ्याकडे उतरते, म्हणून आम्ही आधी पट्टा काढला आणि त्याला चालू न देता उचलूनच गाडीत ठेवले. शेजारचे आबा सुतळी घेऊन धावत आले होते. पण नाकावर सुतळी बांधायची कुठे, हा प्रश्न त्यांनाही पडला असावा. हळद, बर्फ, ब्लेड यांतले काहीही आम्ही केले नाही, आणि घरातली वेदनाशामक गोळीही दिली नाही, कारण अशा गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

जवळच्या दवाखान्यातून फोनवर उत्तर मिळाले की वीज सारखी जात असल्यामुळे सापाची लस ठेवत नाही. हे कारण पटण्यासारखे नाही, कारण पावडरीच्या स्वरूपातली लस फ्रिजशिवायही टिकते. तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यात मात्र डॉक्टरांनी स्वतः फोन उचलला आणि ‘चार कुप्या आहेत, निघा’ एवढेच सांगितले.

या दवाखान्याची खरी परीक्षा एका काचेच्या नळीने झाली. डॉक्टरांनी वाघ्याचे थोडे रक्त कोऱ्या, कोरड्या नळीत घेतले, ती स्टँडमध्ये उभी केली आणि वीस मिनिटे तिला कुणाला हात लावू दिला नाही. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी चालत नाही, तिच्यात निकाल फसवा येऊ शकतो, हे मला तिथेच कळले. नळी तिरकी केली तेव्हा रक्त पाण्यासारखे काठापर्यंत वाहत आले; विषाने रक्ताची गोठण्याची शक्तीच घालवली होती. त्यानंतर मात्र त्यांनी क्षणाचाही वेळ घालवला नाही. लस सलाइनमधून सुरुवातीला अगदी हळू सोडली आणि ॲड्रेनॅलिनची सिरिंज आधीच भरून शेजारी ठेवली. पोटावर गांधी उठल्या तेव्हा लस थांबवून, इंजेक्शन देऊन त्यांनी ती पुन्हा चालू केली. कुत्रा लहान म्हणून लस कमी, असा हिशेब नसतो, कारण मात्रा अंगात गेलेल्या विषावर ठरते, हेही त्यांनी त्या गडबडीत समजावून सांगितले. सहा तासांनी, म्हणजे पहाटे अडीचला, तीच चाचणी पुन्हा झाली. रक्त अजून गोठत नव्हते म्हणून तिसरी कुपी दिली गेली.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर ही लस चालते. चापड्यावर ती चालत नाही, त्यामुळे चावलेल्या सापाचा दुरून फोटो मिळाला तर डॉक्टरांचे काम सोपे होते. साप मारून पिशवीत घालून नेण्याची गरज नाही. नाग किंवा मण्यार चावल्यास सूज फारशी नसतानाही पापण्या गळणे, लाळ सुटणे आणि मागचे पाय लटपटणे या खुणा दिसू शकतात.

तक्रारी दोन आहेत. मूत्रपिंडाची तपासणी तिथे होत नाही, रक्त जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावे लागते, आणि आमचा अहवाल तिसऱ्या दिवशी आला. लघवी लालसर झालेल्या कुत्र्याच्या मालकाला हे तीन दिवस फार जड जातात. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. पंधरवड्याने फेरतपासणीला गेलो तेव्हा वाघ्या कंपाउंडरच्या हातचे बिस्किट खात होता, पण कपाटात अजूनही तीच उरलेली चौथी कुपी होती, आणि पावसाळा तर नुकता सुरू झाला होता.