सरकणाऱ्या लयीची पंधरा मिनिटे: 'व्हायोलिन फेज'

अमेरिकी संगीतकार स्टीव्ह राइश यांची 'व्हायोलिन फेज' ही १९६७ सालची रचना शेम गिबरी यांच्या वादनात ऐकायची असेल, तर ईसीएम या जर्मन कंपनीची १९८० सालची ध्वनिमुद्रिका मिळवावी. कापसाची शेवटची वेचणी आटोपल्यापासून यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी मी ती रोज रात्री ऐकतो आहे, आणि सुमारे १५ मिनिटांच्या या एका रचनेसाठी संपूर्ण ध्वनिमुद्रिका घेण्यासारखी आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

रचनेची घडण सांगायला सोपी आहे. एक छोटी स्वरावली व्हायोलिनवर अखंड फिरत राहते. तीच स्वरावली वाजवणारे दुसरे व्हायोलिन लय किंचित वाढवून हळूहळू पुढे सरकते आणि ठराविक अंतर पडले की तिथेच स्थिरावते. माझ्या लहानपणी शेजारशेजारच्या दोन विहिरींवर ऑइल इंजिने चालत. त्यांचे ठोके क्षणभर एकत्र पडत, मग एकाचा ठोका मागे राहू लागे, मध्येच दुप्पट वेगाचे एकच इंजिन चालल्याचा भास होई, आणि थोड्या वेळाने ते पुन्हा जुळत. धुऱ्यावर बसून ऐकलेली ती लय मला इथे लगेच ओळखू आली.

तबल्याच्या एकलवादनात सारंगीचा लेहरा, म्हणजे तालाचे आवर्तन दाखवणारी छोटी सुरावट, न बदलता फिरतो आणि आपले लक्ष तबल्याकडे असते. इथे मात्र लेहरेच एकमेकांवरून सरकतात आणि त्यांच्या गुंत्यातून अशा सुरावटी कानी येतात, ज्या मुळात कोणी वेगळ्या वाजवलेल्याच नसतात. वादक त्यांतली एखादी हेरून ती आधी अगदी हलक्या हाताने वाजवतो, तिचा आवाज चढवत नेतो आणि पुन्हा तिला गुंत्यात विरू देतो. गिबरी यांचे खरे सामर्थ्य मला या विरण्यात दिसते, कारण त्यांनी सोडून दिल्यावरही ती सुरावट कितीतरी वेळ ऐकू येत राहते.

याच ध्वनिमुद्रिकेवरच्या राइश यांच्या 'ऑक्टेट' या दुसऱ्या रचनेत ही सरकती लय शोधू नये. १९७१ मध्ये पूर्ण झालेल्या 'ड्रमिंग' या रचनेनंतर राइश यांनी ती पद्धत सोडली होती. 'ऑक्टेट' देखणी आहे, परंतु दोन पियानोंच्या धावत्या लयीत ती मला जरा सहज हाती लागणारी वाटली.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून मात्र मत बनवू नये. मी प्रथम तसेच ऐकले, तेव्हा सगळ्या व्हायोलिनांचा नुसता गलका झाला आणि दुसरे व्हायोलिन कधी सुटले, हेही कळले नाही. साधे इअरफोन पुरतात. शक्य असल्यास पंखा बंद करावा, कारण त्याची घरघर स्वतःची लय घेऊन मध्ये शिरते.