टिंबर मार्केटातली एक वखार: लाकूड खरं, माप जरा सैल

वखारीचं नाव टाकत नाही. मालकांनीच हात जोडले, "सर, लिहायचं ते लिहा, पण नाव नको. उद्या जो तो परवाना बघायला मागेल आणि शेजारच्या वखारवाल्यांशी माझी उगाच भांडणं लागतील." म्हणून एवढंच सांगतो की दारात ओंडक्यांची थप्पी आहे आणि थप्पीवर एक बोका झोपलेला असतो.

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या दोन चौकटी वाळवीनं खाल्ल्या. सुतार मेस्त्री म्हणाले, सागाशिवाय हात लावणार नाही. मी तीन वखारी फिरलो. पहिल्या ठिकाणी "माल कुठला?" असं विचारलं तर "एक नंबर" एवढंच उत्तर. दुसऱ्या ठिकाणी एक पोरगं कानाशी येऊन म्हणालं, "काका, दाजीपूरचा साग हाय, कुणाला बोलू नका." मी जन्माचा राधानगरी तालुक्यातला, मला हसूच आलं. दाजीपूरच्या गच्च रानात अंजनी, जांभूळ, पिसा. साग हे पानगळीच्या, कोरड्या रानाचं झाड. आणि समजा खरंच तिथलं असलं, तर ते चोरीचं. 1958 पासून ते अभयारण्य आहे, महाराष्ट्रातलं पहिलं. सुप्रीम कोर्टाच्या 2000 सालच्या आदेशाप्रमाणे अभयारण्यातलं वाळलेलं किंवा वाऱ्यानं पडलेलं झाडसुद्धा उचलता येत नाही. पोरगं थाप मारत होतं म्हणून बरं.

तिसरी वखार ही. तोच प्रश्न विचारला, तर मालक उठले आणि मला ओंडक्याच्या तोंडाशी घेऊन गेले. तिथं वनखात्याच्या हातोड्याचा ठसा, शेजारी नंबर, लांबी, गोलाई. मग कपाटातून वाहतूक परवाना काढला आणि नंबर जुळवून दाखवला. माल सी.पी. साग, म्हणजे जुन्या मध्य प्रांताकडचा, चंद्रपूरजवळच्या बल्लारशाच्या सरकारी डेपोत लिलावात घेतलेला. (अयोध्येच्या मंदिराच्या दारांना साग तिकडूनच गेला, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत असणार.) एक गोष्ट मला तिथंच कळली. ओंडका आरायंत्रावर चढला की ठसा गेला भुशात. चिरलेल्या फळीकडं बघून ती कुठल्या रानातली, हे कुणाच्या बापाला सांगता येणार नाही. म्हणून कापायच्या आधी जायचं.

मी त्यांना टोचलंच. म्हटलं, आम्ही दाजीपूर वाचवा म्हणून ओरडायचं आणि चंद्रपूरच्या रानातला साग तोडून दारं करायची, हे कसं काय? ते म्हणाले, "सगळ्या रानाला एकच नियम नसतो सर. अभयारण्यात कुऱ्हाड नाही म्हणजे नाही. बाकी सरकारी रानात कार्य आयोजना असते. कुठला कूप, म्हणजे रानाचा कुठला तुकडा, कधी तोडायचा, कुठली झाडं राखायची, सगळं आधी ठरतं, झाडावर खूण होते, मग तोड." डिसेंबर 1996 मध्ये सुप्रीम कोर्टानं हेच बजावलं होतं, की केंद्रानं मंजूर केलेल्या आयोजनेबाहेर सरकारी जंगलात तोड करायची नाही. लावलेल्या सागात विरळणी केली नाही, म्हणजे मधली काही झाडं काढली नाहीत, तर सगळी झाडं काठीसारखी राहतात, हेही त्यांनी समजावलं.

मला अर्धंच पटलं. रांगेत लावलेला नुसता साग म्हणजे रान नव्हे. गव्याला तिथं काय मिळणार? पण कागद असलेला माल घेतला तर निदान कुणी मोजून, खूण करून तोडलाय एवढं तरी कळतं. त्यांच्याकडं घाना देशातनं आलेला सागही आहे, घनफुटाला बराच स्वस्त. त्याचंही बिल आहे, पण ते बंदरापासूनचं. त्याच्या मागचा डोंगर बघायला कोल्हापुरातनं कोण जाणार? मी सी.पी. घेतला, 4,200 रुपये घनफूट. बायको अजून बोलते.

आता तक्रारी. पाच बाय तीन इंच जाडीच्या लाकडाची चौकट, उंबऱ्यासकट लांबी एकवीस फूट. 21 गुणिले 15 भागिले 144, म्हणजे 2.19 घनफूट. दोन चौकटींचे झाले 4.38. बिलात आले साडेचार. विचारलं तर "कापात जातं सर". कापात जातं ते मला मान्य, पण मग तसं आधी बोला. घासाघीस करून पाचशे सोडवले. एका उभ्या कडेला बोटभर पांढरा, कच्चा भाग निघाला, तो मेस्त्रींनी दाखवल्यावर बदलून दिला, तोंड वाकडं न करता. टेम्पो मात्र सांगितल्या दिवसाच्या चौथ्या दिवशी आला. आणि लाकडात ओल होती. मेस्त्रींनी तीन आठवडे सावलीत, खाली पट्ट्या टाकून रचून ठेवलं, तेव्हा कुठं रंधा लावला.

देवघरासाठी आमच्या चुलत्यांचा गावाकडचा फणस पडला होता, तो इथं आणून चिरून घ्यावा असा बेत होता. मालकांनी सरळ नकार दिला. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत फणस आहे, आपल्या बांधावरचा असला तरी कागद लागतोच. "परवाना आणा, पाच मिनिटांत चिरून देतो." चुलते चिडलेत. पडलेल्या झाडाला कसली परवानगी, म्हणतात. त्यांचा राग मला कळतो, हेलपाटे तेच घालणार आहेत. पण हाच माणूस माझा फणस कागदाशिवाय चिरेल, तर कुणाचाही साग तसाच चिरेल.

खिडक्यांचं लाकूड दिवाळीनंतर इथूनच घेणार. जाताना स्वतःची टेप न्या. दीड ते साडेतीन मालक जेवायला घरी जातात, तेव्हा फोन उचलत नाहीत आणि बोका सोडून कुणी भेटत नाही.