पानथरी काढावी की राखावी? सिकलसेलमधील निर्णय आणि रक्ताचे आकडे

सिकलसेल या लाल पेशी विळ्यासारख्या करणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या मुलाची पानथरी, म्हणजेच प्लीहा, काढण्याचा सल्ला मिळाला की हिमोग्लोबिन वाढेल का, हा घरच्यांचा पहिला प्रश्न असतो. पानथरी खरोखर रक्त अडवून ठेवत असेल तर ते वाढते. मात्र मूळ दोष हिमोग्लोबिनचा असल्यामुळे हाडांच्या कळा, छातीचा त्रास किंवा पक्षाघाताचा धोका या शस्त्रक्रियेने टळत नाही. आफ्रिकी वंशाच्या मुलांची पानथरी बहुधा पाचव्या वर्षापर्यंत आकसते. विदर्भातल्या मुलांत गर्भकालीन हिमोग्लोबिन (गर्भात असतानाचे, पेशी विळ्यासारख्या होण्यापासून वाचवणारे) तुलनेने जास्त असल्याने ती अनेकदा किशोरवयातही बरगडीखाली हाताला लागते, आणि म्हणून हा प्रश्न आपल्याकडे उशिरापर्यंत शिल्लक राहतो.

एकट्या हिमोग्लोबिनवर निर्णय घेऊ नये. एरवी 8 ग्रॅम असणारे हिमोग्लोबिन अचानक 5 वर आले, प्लेटलेट्स उतरल्या, रेटिक्युलोसाइट काउंट (नव्याने तयार झालेल्या लाल पेशींची संख्या) चढला आणि पानथरी वाढली, तर रक्त तिथे साठले आहे असे समजावे. हिमोग्लोबिन तेवढेच, पण रेटिक्युलोसाइट जवळजवळ शून्य असतील, तर पार्व्होविषाणूने अस्थिमज्जेचे काम थांबवल्याची शक्यता अधिक, आणि तिथे पानथरी काढून काहीच साधत नाही. म्हणूनच मूल ठणठणीत असतानाचा रिपोर्ट जपून ठेवावा. ताडून पाहायला तोच उपयोगी पडतो.

पानथरीत रक्त असे अचानक साठण्याचा पहिलाच झटका असेल किंवा मूल दोन वर्षांखालील असेल, तर बहुधा थांबण्याकडे कल असतो. अशा झटक्यात रक्त थोडे थोडे चढवतात, कारण पानथरीत अडकलेले रक्त नंतर परत फिरते आणि हिमोग्लोबिन नको तितके वर जाऊ शकते. हायड्रॉक्सीयुरिया गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढवते आणि कळा कमी करते. पानथरी काढण्याकडून ही अपेक्षा ठेवू नये. मात्र याच औषधाने प्लेटलेट्स कमी होऊ शकतात, तेव्हा त्याचे खापर पानथरीवर फोडण्याआधी डोस पाहावा.

जीवघेणा झटका पुन्हा आला, किंवा प्लेटलेट्स कायम कमी राहून वारंवार रक्त चढवावे लागत असेल, तर काढण्याची बाजू जड होते. दोन्ही पर्यायांची समोरासमोर तुलना करणाऱ्या भक्कम चाचण्या नाहीत, त्यामुळे डॉक्टरांमध्ये मतभेद दिसले तर नवल वाटू नये. शस्त्रक्रियेनंतर प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी वाढतात, बिलिरुबिन (काविळीचे पिवळे द्रव्य) मात्र पूर्णपणे उतरेलच असे नाही. पांढऱ्या पेशींच्या वाढीव आकड्याने घाबरू नये, पण पानथरी नसताना जंतुसंसर्ग झपाट्याने बळावतो, म्हणून ताप आला तर तासाभराचाही उशीर करू नये.

जंतुसंसर्गाच्या भीतीने पानथरी राखणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर तपासावी. रक्ताच्या काचपट्टीवर लाल पेशींत हॉवेल-जॉली कण (एरवी पानथरी काढून टाकते ते केंद्रकाचे अवशेष) दिसत असतील, तर पानथरी आकाराने मोठी असूनही तिचे गाळण्याचे काम मंदावलेले आहे. राखल्याचा फायदा तितकाच घटतो. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जिवाणूंविरुद्धच्या लसी अशा मुलाला तशाही लागतात. शस्त्रक्रिया ठरलीच तर त्या किमान दोन आठवडे आधी पूर्ण व्हाव्यात आणि पेनिसिलिन पुढेही चालू राहावे. गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या भागात पानथरी नसलेल्या मुलाला तो आजार अधिक जड जातो, हेही पारड्यात घालावे.

राखायचे ठरले, तर आईवडिलांनी डाव्या बरगडीखाली पानथरी चाचपायला डॉक्टरांकडून शिकून घ्यावे. जमैकात पालकांना हे शिकवल्यावर अशा झटक्यांतील मृत्यू बरेच घटले होते.