स्लो कुकरमधला ख्रिसमस हॅम: मऊ एक नंबर, पण ग्लेझचं काम बाहेरच

ज्यांना लांबलचक वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी आधीच सांगते, हॅम (म्हणजे मीठ लावून मुरवलेली डुकराची मांडी) मऊ, रसरशीत, सुरी लावली की सहज कापला जाणारा पाहिजे असेल तर स्लो कुकर (मंद आचेवर तासन् तास शिजवणारं विजेचं भांडं) भारी आहे, पण वरचा तो चकचकीत, कडेला जरासा करपलेला गोड थर, म्हणजे ग्लेझ, यात होत नाही म्हणजे नाहीच, कितीही तास ठेवा. त्याला शेवटी ओव्हन नाहीतर ओटीजी (घरगुती छोटा विजेचा ओव्हन) लागतोच. घरात ओटीजी नसेल आणि फक्त ख्रिसमसच्या हॅमसाठी हे धूड घ्यायचं डोक्यात असेल तर नका घेऊ. ओटीजी असेल तर मात्र पुढे वाचा.

आमचं घर ठाण्यात, घोडबंदर रोडला, नवऱ्याकडचे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाणे-वसईकडचे मूळचे ख्रिस्ती. त्यामुळे ख्रिसमसला सोरपोतेल (डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण), फुगे (तळलेले गोल पाव), पुलाव हे सगळं ठरलेलं, त्यात कोणी हात घालायचा नाही. हॅम हा त्यात नंतर घुसलेला पाहुणा, नवऱ्याची एक बहीण बाहेरून आली की तिला हवा असतो आणि आता पोरांनाही चटक लागलीये. प्रॉब्लेम एवढाच की २४ तारखेला गॅसच्या चारही शेगड्या अडकलेल्या असतात, एकीवर सोरपोतेल रटरटतंय, एकीवर फुग्यांचं तेल, आणि ओटीजीत केकमागून केक, म्हणजे हॅमला दुपारभर जागाच नाही. स्लो कुकर मी घेतला तो याच्यासाठी. डायनिंग टेबलाजवळच्या प्लगला लावला, झाकण ठेवलं, विषय संपला. आपण तलावपाळीजवळच्या चर्चला जाऊन गर्दीत तासभर उभं राहून आलो तरी तो आपलं काम करत बसलेला.

माझा साडेतीन लिटरचा आहे, गोल, चार हजारांच्या आत मिळाला, सेलमध्ये. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण या किमतीतले आतून सगळे एकाच घाटणीचे: बाहेर पत्र्याचं कवच, त्याच्या आत कडेने फिरवलेली कॉइल, मधे चिनी मातीचं जाड भांडं, वर काचेचं झाकण, आणि एक नॉब, लो, हाय, वॉर्म. मागच्या स्टिकरवर २०० वॉट लिहिलंय, म्हणजे सहा तास चालवला तरी सव्वा युनिटच्या आसपास, लाइट बिलाची काळजी नको. नॉबवालाच घ्या असं मी सांगेन, डिजिटल दिसायला छान असतात पण मधेच लाइट गेली तर त्यातले बरेचसे परत आल्यावर आपोआप चालू होत नाहीत, आणि आपण बाहेर असू तर अर्धवट कोमट मांस तासन् तास तसंच पडून राहणार. नॉबवाला लाइट आली की गुपचूप पुढे सुरू.

अजून एक गोष्ट जी दुकानात कोणी सांगत नाही. लो म्हणजे कमी टेंपरेचर आणि हाय म्हणजे जास्त असं आपल्याला वाटतं, पण बहुतेक कुकरमध्ये दोन्ही शेवटी उकळीच्या जरा खालच्या टेंपरेचरलाच जाऊन थांबतात, फरक एवढाच की हाय लवकर पोचतो आणि लो रमतगमत. आणि झाकण उघडून बघायची सवय असेल तर ती सोडा, एकदा उघडलं की साठलेली वाफ जाते आणि वीस मिनिटं ते अर्धा तास वाढतो. आमच्या मम्मींना, म्हणजे सासूबाईंना, हे पटत नाही, त्यांचं म्हणणं हलवल्याशिवाय जेवण होतंच कसं, त्यामुळे मी झाकणावर जाड नॅपकिन टाकून ठेवते, दिसलंच नाही तर हातही जात नाही.

आता हॅमबद्दल. अमेरिकन रेसिपीत चार-पाच किलोची हाडासकट तंगडी असते, ती विसरा, ती बसायला सहा-सात लिटरचा लांबट कुकर लागतो, आणि ती आपल्याकडे सहज मिळतही नाही. कोल्ड स्टोरेजवाल्याला आठ-दहा दिवस आधी सांगून ठेवलं तर किलो-सव्वा किलोचा बिनहाडाचा अख्खा तुकडा मिळतो, साडेतीन लिटरमध्ये तो बरोब्बर बसतो. पाकिटातले कापलेले स्लाइस याच्यासाठी बाद, त्यांचा नुसता लगदा होईल. आणि दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा, शिजवलेला आहे का नुसता मीठ लावून मुरवलेला कच्चा? रंगावरून कळत नाही, गुलाबी दोन्ही असतात, तो गुलाबी रंग मुरवताना घातलेल्या नायट्राइटचा असतो, शिजण्याशी त्याचा संबंध नाही.

शिजवलेला असेल तर आपण फक्त गरम करतोय आणि मऊ करतोय, सव्वा किलोला लोवर चार-पाच तास पुरे. कच्चा असेल तर मधोमध ६३ डिग्री सेल्सिअस व्हायला पाहिजे आणि मग तीन मिनिटं तसाच ठेवायचा. अमेरिकेच्या शेती खात्याचे हे आकडे आहेत, शिजवलेला आणि कारखान्यातच सीलबंद झालेला असेल तर ६० डिग्री चालतं, पण दुकानात उघडून कापून दिलेला असेल तर ७४. आपल्याकडे तो बहुतेक वेळा दुकानातच कापून देतात, त्यामुळे मी सरळ ७४ धरते. काही शे रुपयांत टोचायचा डिजिटल थर्मामीटर मिळतो, तो घ्याच, अंदाजपंचे करू नका. फ्रीझरमधून काढून दगडासारखा गोठलेला हॅम थेट कुकरमध्ये टाकायचा नाही, हा कुकर इतका हळू तापतो की आतला भाग बराच वेळ कोमटच राहतो आणि जंतूंना तेच पाहिजे असतं. आदल्या दिवशी खाली फ्रिजमध्ये ठेवून पूर्ण सुटू द्यायचा.

अननस. हा मुद्दा मला कुठल्याच रेसिपीत धड सापडला नाही. सगळीकडे अननसाचा रस लिहिलेला असतो आणि आपण ठाणेकर लगेच जांभळी नाक्यावरून ताजा अननस आणणार, तो स्वस्तही आणि चवीलाही चांगला. पण ताज्या अननसात ब्रोमेलिन नावाचं एन्झाइम असतं जे मांस तोडतं. कढईत पटकन गरम झालं तर त्याचं काही चालत नाही, पण स्लो कुकरमध्ये ते कोमट अवस्थेत आरामात तासभर काम करतं आणि हॅमचा बाहेरचा थर पिठूळ, लिबलिबीत करून टाकतं. म्हणून एकतर डब्यातला रस घ्या (डब्यातला आधीच तापवलेला असतो) नाहीतर ताज्या रसाला पाच मिनिटं खळखळून उकळी आणा आणि मगच ओता. अर्धा कप बास. पाणी अजिबात नाही, हॅम स्वतःचंच इतकं पाणी सोडतो की संपल्यावर तळाशी दोन कप तरी निघतात.

आणि मीठ तर चिमूटभरसुद्धा नाही. तो तळाचा रस चाखून बघा, कळेल.

ग्लेझ मी आपल्या सामानातच करते. ब्राउन शुगरऐवजी गूळ, तो पण चिक्कीचा नाही साधा मऊ, किंवा कोल्हापूरकडची काकवी मिळाली तर सोन्याहून पिवळं. त्यात फेसलेली मोहरी. लोणच्याला फेसतो तशी, नाकात जाईपर्यंत. बाटलीतल्या मस्टर्डपेक्षा ही मला कितीतरी जास्त आवडली, फक्त एक आहे, मोहरीचा तो झणका उडून जाणारा असतो, चार तास कुकरमध्ये ठेवली तर नुसता कडवटपणा उरतो, म्हणून ती शेवटच्या ग्लेझमध्ये, आधी नाही. थोडं व्हिनेगर, मिरपूड, आणि तळाचा रस फक्त दोन चमचे कारण आटवला की अजून खारट होतो. हे सगळं लहान कढल्यात चमच्याला चिकटेपर्यंत आटवायचं. हॅम कुकरमध्ये ठेवायच्या आधीच त्याच्या वरच्या चरबीला सुरीने शंकरपाळ्यासारखे तिरपे चौकोन पाडायचे आणि चार-पाच चौकोनांत एकेक लवंग. प्रत्येक चौकोनात लवंग टोचलेले फोटो बघून भुलू नका, इतक्या तासांत लवंगेचा अर्क उतरतो आणि जीभ बधीर होते, दाताच्या डॉक्टरकडे गेल्यासारखं.

आता मूळ तक्रार. रेसिप्यांमध्ये बिनधास्त लिहितात की ग्लेझ लावा, कुकरमध्ये ठेवा, ग्लेझ्ड हॅम तयार. खोटं आहे हे. साखर कॅरमलाइज व्हायला आणि मांसाला तो तपकिरी रंग यायला दीडशेच्या आसपास किंवा वर डिग्री लागते आणि कोरडी आच लागते. आणि इथे शंभराच्या आत टेंपरेचर, वर बंद झाकणाखाली सतत वाफेचे थेंब टपटपतायत. ग्लेझ पातळ होऊन धुवून तळाला जातो आणि हॅम बाहेर निघतो तो फिकट, ओला, अगदी हॉस्पिटलचं जेवण. चवीला वाईट नाही हां, गोडसर मुरलेला असतो, पण ताटात ठेवल्यावर कोणी वा म्हणणार नाही.

उपाय सोपा आहे. हॅम बाहेर काढा, कागदाने टिपून कोरडा करा (हे विसरायचं नाही, ओल्यावर ग्लेझ बसतच नाही), घट्ट ग्लेझ ब्रशने लावा, ओटीजी २२० ला आधी तापवून घ्या, फक्त वरची कॉइल, दहा-बारा मिनिटं, मधे एकदा परत ब्रश. आणि समोरून हलू नका, गूळ तपकिरीपासून कोळशापर्यंत मिनिटभरात जातो. केक तोपर्यंत झालेले असतात त्यामुळे ओटीजी रिकामा असतो, आणि हे दहा मिनिटांचं काम पाहुणे आल्यावरही जमतं. म्हणजे थोडक्यात अर्धं काम कुकरचं, अर्धं ओटीजीचं, आणि नाव एकट्या कुकरचं होतं. ओटीजी नसेल तर जाड तव्यावर ग्लेझ आटवून त्यात स्लाइस दोन्हीकडून परतता येतात, चव जवळपास तीच, रुबाब नाही.

एक गंमत वाचलेली. हा कुकर ज्याने काढला तो अर्व्हिंग नॅक्सन, शिकागोचा, ज्यू, १९४० मध्ये त्याला पेटंट मिळालं, आणि कल्पना कुठून आली तर त्याच्या आईने सांगितलेल्या लिथुआनियातल्या चोलेंटवरून. सब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही म्हणून आदल्या संध्याकाळी बेकरीच्या थंड होत जाणाऱ्या भट्टीत भांडं ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी ते मांस-घेवड्याचं कालवण खायचं. त्याने मशीनचं नावही बीनरी ठेवलेलं, पुढे रायव्हल कंपनीने ते घेतलं आणि १९७१ ला क्रॉक-पॉट म्हणून बाजारात आणलं. आणि आता त्यातच जगभर ज्यूंना वर्ज्य असलेल्या डुकराचा हॅम शिजतोय, बिचारा नॅक्सन.

घरचा निकाल म्हणाल तर पोरांनी फडशा पाडला, नणंदेने परत घेतला, सासऱ्यांनी एक तुकडा खाऊन "गोड मटण कशाला" म्हणून सोरपोतेलकडे मोर्चा वळवला, आणि मम्मींनी उरलेला तळाचा खारट रस दुसऱ्या दिवशी बिनमिठाच्या वाटाण्याच्या उसळीत घातला, ती उसळ हॅमपेक्षा भारी झालेली हे मला मान्य करावं लागलं. उरलेला हॅम फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो, पावात घालून पोरांचा डबा.

हॅम वर्षातून एकदा, मग बाकी वर्ष काय? पाया सूप, रात्री लावायचं आणि सकाळी तयार, प्रेशर कुकरपेक्षा दाट आणि स्वच्छ लागतं. बॉटल मसाल्यातलं (ईस्ट इंडियन घरांतला वर्षभराचा मसाला) मटण, पण मसाला आणि कांदा आधी कढईत भाजून घ्यावा लागतो, नाहीतर कच्चट वास राहतो. आमटी, भाजी, भात यासाठी अजिबात नको, वीस मिनिटांच्या गोष्टीला सहा तास कोण देणार. राजमा करणार असाल तर नीट ऐका, भिजवलेला राजमा ते पाणी फेकून नवीन पाण्यात गॅसवर दहा मिनिटं खळाखळा उकळल्याशिवाय यात घालायचाच नाही. कच्च्या राजम्यात विष असतं, ते उकळीने मरतं, पण स्लो कुकरच्या मंद आचेवर मरत नाही, आणि दाणा मऊ लागला तरी पोट बिघडतं, उलट्या होतात.

बाकी बारीकसारीक: वायर आखूड आहे, एक्स्टेंशन लागलं. टायमर नाही. बाहेरचा पत्रा चांगलाच तापतो, लहान मूल असेल तर टेबलाच्या आतल्या बाजूला ठेवा. बाहेरगावच्या नातेवाइकाकडून अमेरिकेतला मागवू नका, तिकडचे ११०-१२० व्होल्टचे असतात, आपल्या २३० ला लावला की गेला. आणि ते चिनी मातीचं भांडं जड आहे, धुताना ओल्या हातातून निसटतं, गरम असताना त्यावर गार पाणी ओतायचं नाही आणि थेट गॅसवर तर कधीच ठेवायचं नाही, तडा जातो. काच आणि सिरॅमिक बऱ्याच वॉरंट्यांमध्ये धरलेलं नसतं, घेतानाच कार्ड उलटून वाचा आणि सुटं भांडं वेगळं मिळतं का तेही दुकानातच विचारून घ्या.