ग्राऊंडवर जाणाऱ्या पोरांसाठी मस्त नाश्ता सेंटर (जळगाव), फक्त काउंटरवरची पावडर सोडून

पोरगी कबड्डी खेळते, सकाळी साडेपाचला ग्राऊंडवर, आणि या वयातल्या पोरांचं माहितीये ना, निघताना पोटात काही नको आणि सुटल्यावर थेट कचोरीच्या गाडीवर. वरून ते एनर्जी ड्रिंकचे कॅन, लहान मुलांसाठी नाही असं कॅनवरच छापलेलं असतं पण वाचतंय कोण! ग्राऊंडच्या मागच्या गेटजवळ एका काकूंनी नाश्ता सेंटर टाकलंय, खेळणाऱ्या पोरांना महिन्याचं कार्ड आहे, आम्ही तेच घेतलंय.

प्रॅक्टिसच्या आधी फक्त एक केळं. दाणे मागितले तरी देत नाहीत, पळताना पोटात जड होतात म्हणे, आणि खरंच आहे ते. (रावेर-यावलच्या केळ्यांचे ट्रक भरून बाहेर जातात आणि आमच्याच पोरांना केळं बघून नाक मुरडायचं असतं, काय बोलणार.) खरी मजा प्रॅक्टिस सुटल्यावर. गरमागरम कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, मोडाच्या मुगाची उसळ, वाटीभर दही. भाकरी फुगली की काकू वरचा पापुद्रा उचलतात, आत दाण्याची चटणी आणि चमचाभर तेल सोडतात, तो वास आला की रांगेतली पोरं गप्प होतात भो! ज्वारीत जे प्रोटीन कमी पडतं ते उडीद भरून काढतो, म्हणजे आपल्या आजीलाच सगळं माहिती होतं. उसळीवर लिंबू पिळूनच देतात, त्याने लोह नीट अंगी लागतं, मुलींच्या बाबतीत तर हे बघायलाच पाहिजे. अंडी उकडलेली, वेगळे पैसे, एकात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन मिळतं तर मला महाग नाही वाटलं.

काकू लेक्चर देत नाहीत हे सगळ्यात भारी. कोणी न खाता सटकायला लागलं की एवढंच, "पहिले खाई ले, मंग पय." आणि सिनियर पोरी बसून दोन-दोन भाकरी हाणतात ते बघून बारकी पोरं आपोआप ताट मागतात, घरी आम्ही कितीही ओरडलो असतो तरी हे झालं नसतं. मे महिन्यात इथलं ऊन ४४-४५ डिग्रीला जातं तेव्हा मीठ-जिरं घातलेलं ताक ठेवतात, साखर नाही.

आता तक्रारी. उसळीला काळा मसाला जास्त, लहान पोरं नुसतं हा-हू करत पाणी पितात. केळी कधीकधी कच्चट असतात. आणि हल्ली काउंटरवर प्रोटीन पावडरची पाकिटं ठेवलीत ते मला अजिबात पटलं नाही, तेरा-चौदा वर्षांच्या पोराला घरचं दूध, डाळ, अंडं मिळत असेल तर ती कशाला? काकूंना बोललो तर म्हणाल्या पालकच मागतात.

सुट्टे पैसे न्या, सकाळी नेटवर्क नसतं. आठनंतर भाकरी संपते, मग पोहेच उरतात.