सुकाणूचं ग्रीस: एक पूर्ण हंगाम वापरल्यानंतर

अर्धा किलोचा डबा आणला होता, त्यातला अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे. ऑगस्ट ते मे असा पूर्ण हंगाम झाला. याआधी एका हंगामात दोन किलो ग्रीस कुठे जायचं ते कळायचं नाही, आणि तरीही सुकाणू जड यायचं. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितोय. आपल्याकडे इंजिनाबद्दल सगळे भरभरून बोलतात, सुकाणूबद्दल कोणी फारसं सांगत नाही.

आमची बोट ३२ फुटी, फायबरची, दोन सिलिंडरचं इंजिन. धंदा हर्णैला, पण उभी करायची आंजर्ले खाडीत. सुकाणूचा दांडा ४० मिलिमीटरचा, स्टेनलेस स्टीलचा. तो फायबरच्या नळीतून वर येतो. नळीच्या तळाला गनमेटलचा बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती धातूची कडी, आणि त्याच्याखाली पाणी अडवणारं रबरी ऑईल सील. वर ग्लँड, म्हणजे नटाने आवळायची डबी, आणि त्यात दांड्याभोवती दाबून बसवलेली दोरी. ग्रीसचे निपल, म्हणजे गनने ग्रीस भरायची तोंडं, दोन: एक खालच्या बुशजवळ आणि एक ग्लँडखाली. दांड्याच्या वरच्या टोकाला क्वाड्रंट, म्हणजे दांडा फिरवणारा चाकाचा तुकडा, तिथून वायर रोप आणि चेन पुढे केबिनमधल्या व्हीलला. आपल्या बाजूच्या बऱ्याच बोटींची रचना अशीच असते.

आधी गेल्या वर्षीचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. फेब्रुवारीपासून बोट चालवणारे तांडेल मला म्हणत होते, "नाखवा, सुकाणू जड येतंय, डावीकडं जास्तच." मी दर वेळी ग्रीस गन घेऊन जायचो आणि दाबत राहायचो. वर ग्लँडपाशी ग्रीस दिसेपर्यंत मारायचं, असंच लहानपणापासून बघितलेलं. एकदा तर वीसेक स्ट्रोक झाले तरी वर काही येईना. मग अचानक हाताला हलकं लागलं, ग्रीस सरसर जायला लागलं. मला वाटलं, अडथळा मोकळा झाला, बरं झालं. आठवड्याभराने ग्लँडच्या कडेला ग्रीस आलं ते दुधाळ, दूध जास्त झालेल्या चहासारखं. खाली हात घातला तर मागच्या कप्प्यात पाणी.

जूनमध्ये पावसाळ्यासाठी बोट किनाऱ्यावर घेऊन शाकारल्यावर दांडा काढला. सुकाणू खालच्या बाजूनेच निघतं, त्यामुळे पात्याखाली वाळूत कंबरभर खड्डा खणावा लागतो. पात्याला दोरखंडाचा आधार दिला, क्वाड्रंटचे बोल्ट सोडले आणि दांडा हळूहळू खाली घेतला. वरचं अर्धं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं, स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढावं लागलं. खालचं सगळं पाण्यात फेसाळलेलं, त्यात खाडीचा बारीक गाळ. सीलचा ओठ उलटा फिरून फाटलेला. आणि बुशच्या जागी दांड्यावर नख अडकेल असे चरे. तो दांडा हातात घेऊन फार वाईट वाटलं. कारण हे पाण्याने किंवा खडकाने केलेलं नव्हतं, माझ्या हातातल्या गनने केलेलं होतं.

मिस्त्रींनी आणि मी मिळून त्यातून जे समजून घेतलं ते असं. मधल्या वर्षांत मी दोन-तीन प्रकारची ग्रीस एकावर एक भरली होती. दुकानात जे मिळेल ते: एकदा पिवळं, एकदा लाल, एकदा 'मरीन' लिहिलेल्या डब्यातलं काळं. ग्रीस म्हणजे साबणासारख्या पदार्थाने धरून ठेवलेलं तेल. दोन वेगळ्या जातीचे साबण एकत्र आले की काही वेळा ते एकमेकांना बिघडवतात. मिश्रण पातळ होऊन वाहून जातं किंवा घट्ट होऊन बसतं. आमचं घट्ट बसलं. वरची वाट बंद झाली. हातगनचा दाब साध्या लिव्हरनेसुद्धा काही हजार पीएसआयपर्यंत जातो, आणि असलं सील एवढा दाब सोसायला बनवलेलंच नसतं. वर जायला वाट नाही म्हटल्यावर ग्रीस खाली गेलं आणि सील फोडून निघालं. मला हाताला हलकं लागलं तो तोच क्षण.

दांड्याचे चरे वेल्डिंगने भरून लेथवर पुन्हा ४० ला आणला. बुश नवा, सील नवं. या वेळी सीलचा ओठ पाण्याच्या बाजूला ठेवून बसवलं. आधी तो आतल्या बाजूला होता. ओठ बाहेर असला की पाण्याचा दाब त्याला दांड्यावर आवळतो, आणि आतून ग्रीस जास्त झालं तर ते ओठ न फाटता त्याच्याखालून निसटतं. सील बसवताना एवढी एक गोष्ट डोळ्यांनी बघून घ्या, मिस्त्री कितीही जुना असला तरी.

ग्रीस घेतलं ते कॅल्शियम सल्फोनेटचं, एनएलजीआय २ नंबरचं (हा ग्रीसच्या घट्टपणाचा नंबर). सोडियम साबणाचं ग्रीस पाण्यात विरघळतं, त्याला बोटीवर जागाच नाही. गाड्यांचं लिथियमचं बऱ्यापैकी टिकतं, पण सतत पाण्याखाली असलेल्या बुशला ते पुरत नाही असं माझं मत झालंय. साधं कॅल्शियमचं ग्रीस पाण्याला चांगलं आणि स्वस्त. उष्णतेला कच्चं असतं, पण सुकाणूला उष्णता कुठली? पैसे कमी असतील तर तेही चालेल. सल्फोनेटचं दुपटीपेक्षा महाग पडलं, पण ते मुळातच गंज रोखणारं असतं. घेताना दुकानदाराकडे माहितीपत्रक मागा आणि त्यात एएसटीएम डी १२६४ ही ओळ शोधा. पाण्याच्या माऱ्यात किती टक्के ग्रीस धुऊन जातं ते तिथे असतं. आकडा जितका कमी तितकं चांगलं. पत्रकच नसेल तर डब्यावर 'मरीन' लिहिलंय म्हणून घेऊ नका.

काळ्या ग्रीसमध्ये ग्रॅफाइट असेल तर स्टेनलेसच्या दांड्याला ते लावूच नये. खाऱ्या पाण्यात ग्रॅफाइट आणि धातू यांची बॅटरी तयार होते आणि धातू खाल्ला जातो. ग्रॅफाइटच्या ग्लँड दोरीचंही तेच. मी टेफ्लॉनची दोरी घातली. प्रत्येक रिंग वेगळी कापली आणि सांधे एकाखाली एक येणार नाहीत असे फिरवून बसवले. नट हाताने आवळून वर जेमतेम पाव फेरा. ग्लँड जास्त आवळली की व्हील जड होतं, आपण ग्रीस मारत बसतो, आणि दोष असतो नटात.

आता मारण्याची पद्धत. गन आणल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे कागदावर दहा स्ट्रोक मारून किराणा दुकानाच्या काट्यावर वजन केलं. १२ ग्रॅम भरलं, म्हणजे एका स्ट्रोकला साधारण सव्वा ग्रॅम. त्याआधी आपण किती ग्रीस भरतोय याचा मला काहीही अंदाज नव्हता.

अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला आपल्याकडे सकाळी सहाच्या आसपास ओहोटी लागलेली असते आणि खाडीत बोट कोरडी बसते. तोच मुहूर्त धरतो. आधी निपल रॉकेलच्या चिंधीने पुसायचं, नाहीतर टोकावरचा वाळूचा कण पहिल्याच स्ट्रोकला आत जातो. खालच्या निपलला एक स्ट्रोक सावकाश. मग पोरगा व्हील डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत फिरवतो. पुन्हा एक. असे पाच. वरच्याला तीन. ग्लँडपाशी ताज्या रंगाची बारीक कड दिसली की बंद. हाताला नेहमीपेक्षा जड लागलं तर तिथेच थांबायचं, जोर लावायचा नाही. निपल काढून काडीने वाट साफ करायची. खाली सीलच्या ओठातून आलेलं पुसून चिंधी घरी आणतो. त्याच खाडीत बायका कालवं काढतात.

हंगामात असं अठरा वेळा केलं. पहिली भरणी धरून सव्वादोनशे ग्रॅम ग्रीस गेलं.

परिणाम काय? व्हील शेवटच्या दिवसापर्यंत दोन बोटांनी फिरत होतं. मागचा कप्पा कोरडा. मार्चमध्ये खाडीच्या तोंडाशी गाळात पातं घासलं तेव्हा मला भीती होती, पण त्यानंतरही ग्रीस दुधाळ झालं नाही. या मे महिन्यात बोट वर घेतल्यावर दांडा काढून पाहिला. ग्रीस मूळच्या रंगाचं, खालच्या दोन इंचांत किंचित करडं. बुशमधली फट नवी असताना ०.३ मिलिमीटर होती, आता फीलर गेजने ०.४ लागली. मी समाधानी आहे.

तक्रारी आहेत. हे ग्रीस भयंकर चिकट आहे. कपड्याला लागलं की रॉकेलशिवाय निघत नाही. आणि ते उघड्यावर अजिबात वापरू नका. ऑक्टोबरमध्ये मी हौसेने चेनला आणि वायर रोपच्या पुल्यांना तेच लावलं. पंधरा दिवसांत त्यावर वाळू आणि मीठ बसून काळी पेस्ट झाली, अगदी व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखी खरखरीत. सगळं धुऊन काढलं. आता चेनला आणि रोपला पातळ तेल चिंधीने पुसून लावतो. ते तारांच्या आतपर्यंत मुरतं. रोपची एखादी तार तुटून बोटाला टोचली की रोप बदलायचा, त्यावर तेलाचा इलाज नाही.

बुश झिजलेला असेल तर त्यालाही ग्रीसचा उपयोग नाही. बोट कोरडी असताना पातं खालून दोन्ही हातांनी धरून आडवं हलवून बघा. टकटक आवाज आला तर आधी बुश. आणि बुश नायलॉनचा करणार असाल तर लेथवाल्याला आधीच सांगा की हा पाण्यात राहणार आहे. नायलॉन पाणी पिऊन फुगतो. माझ्या चुलतभावाने एकदम नेमक्या मापाचा करून घेतला. बसवला त्या दिवशी लोण्यासारखा चालला, तीन आठवड्यांत सुकाणू जागच्या जागी अडकलं. तो वरून ग्रीस मारत राहिला. शेवटी बुश आतून खरवडून मोठा केला तेव्हा सुटलं.

धातूऐवजी स्वतः झिजणारी झिंकची पाटी असते, तिच्यावर ग्रीस किंवा रंग लागू देऊ नका, ती उघडीच हवी. दांडा ग्रीसमध्ये बुडालेला असला की बुशमधून त्याचा विजेचा संपर्क भरवशाचा राहत नाही, म्हणून दांड्यापासून झिंकच्या जोडणीपर्यंत तांब्याची लवचीक पट्टी घातली आहे.

आउटबोर्डवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांचं इंजिन बोटीच्या मागे बाहेर लावलेलं असतं त्यांच्यासाठी, एक गोष्ट. तारकर्लीला मेहुण्याची पर्यटकांची बोट आहे, केबल स्टिअरिंगची. तिथे ग्रीस मारताना केबलचा सरकणारा दांडा आधी पूर्ण आत घ्यायचा. तो बाहेर असताना नळीत ग्रीस भरलं तर पुढे दांड्याला आत यायला जागाच राहत नाही आणि स्टिअरिंग अडकतं. त्याने भर हंगामात ते अनुभवलं. नशीब, बोट किनाऱ्यालाच होती.

सील या वेळीही बदलतोय. ओठ शाबूत दिसतोय, पण बोट वर आहे, खड्डा खणलेला आहे, आणि सीलची किंमत एका दिवसाच्या बर्फाहूनही कमी आहे. डबा तोच पुढे चालवणार.