पॅलिओ की पणजीचं ताट? कोकणात राहून वजन उतरवायचंय त्यांच्यासाठी

पूर्वजांसारखं खा, वजन उतरेल असं हल्ली सगळीकडे ऐकायला मिळतं, पण कुठले पूर्वज ते आधी ठरवायला हवं. पॅलिओ डाएटवाल्यांचे पूर्वज शेती सुरू व्हायच्या आधीचे, शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणारे, म्हणून त्या डाएटमध्ये धान्य नाही, कडधान्य नाही, दूध नाही, साखर नाही, फक्त मासे, मटण, अंडी, भाज्या, फळं, सुकामेवा. आणि दुसरे आपले पणजी-पणजोबा, उकडा तांदूळ, नाचणी, कुळीथ, मासे, नारळ आणि कोकमावर जगलेले.

पॅलिओचं श्रेय आधी देते. खारी, बटर, वेफर्स, फरसाण, चहातली साखर एका झटक्यात बंद होते आणि प्रोटीन वाढल्यामुळे पोट लवकर भरतं, त्यामुळे वजन खरंच उतरतं. फक्त पहिल्या आठवड्यात काटा धाडकन खाली येतो त्यातलं बरंचसं पाणी असतं, कारण शरीरात साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीतली साखर, संपतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण 3 ग्रॅम पाणी जातं. तेव्हा त्या आकड्यावर हुरळून जाऊ नका.

कोणी म्हणेल रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पं बघा, हत्ती आहेत, मासे आहेत, शेती कुठे दिसत नाही. बरोबर, पण म्हणून शेतीआधीचा माणूस धान्य खातच नव्हता असं नाही, गॅलिली सरोवराकाठच्या 23 हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत रानटी जव आणि गव्हाचे दाणे सापडलेत. आणि कडधान्यात लेक्टिन नावाचं प्रोटीन असतं म्हणून ती सोडा हे तर मला अजिबात पटत नाही, भिजवून नीट शिजवलं की ते बहुतेक नाहीसं होतं.

कुळीथ सोडणं म्हणजे तर मोठंच नुकसान, त्यात 100 ग्रॅममागे 20 ग्रॅमच्या वर प्रोटीन आहे. लसणीची फोडणी, पाणी, मिरची, दोन आमसुलं, पाण्याला उकळी येत आली की एका हाताने कुळथाचं पीठ भुरभुरत दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, दहा-पंधरा मिनिटांत पिठी तयार. स्वस्त, पोटभरीची, घरातले सगळे तीच खातात. पॅलिओवर असाल तर तुमच्यासाठी वेगळं शिजवावं लागतं आणि घरात दोन चुली झाल्या की डाएट फार दिवस टिकत नाही. त्यात जून-जुलैत मासेमारी बंद, ताजा बांगडा मिळणं मुश्कील, मिळाला तर भाव परवडत नाही, मग रोज चिकन-अंडी. शाकाहारी माणसाने तर पॅलिओच्या वाटेला जाऊच नये, खायला उरतंच काय. दूध आणि नाचणी दोन्ही गेली की कॅल्शियमचीही पंचाईत, कारण 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं.

पण पणजीचं ताट जसंच्या तसं उचलू नका हं. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री परत भात हे तिला पचायचं कारण ती लावणी करायची, डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन घाटी चढायची, आपण वाण्याकडे पण स्कूटर काढतो. म्हणून भात निम्म्यावर आणा, एका वेळेला नाचणीची भाकरी, आणि जागा झाली तिथे मासा, पिठी, पालेभाजी वाढवा. पावसात टाकळा, कुर्डू, फोडशी मिळतात, सोडू नका. नारळ मात्र हात राखून, 100 ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साडेतीनशे कॅलरी असतात, आपल्याकडे तर एका आमटीला अर्धा नारळ सहज लागतो. सुक्या माशात मीठ भरपूर, बीपी असेल तर क्वचितच.

मला विचाराल तर हेच दुरुस्त केलेलं ताट धरा, वजन सावकाश उतरेल पण गणपतीत पाहुणे आले तरी डाएट मोडणार नाही. तसंही ऋषीपंचमीला बैलाच्या कष्टाचं धान्य न खाता कंद, अळू, माठ, भेंडी घालून ऋषीची भाजी करायची पद्धत आपल्याकडे आहेच, पॅलिओची हौस असेल तर आठवड्यातून एक दिवस तशी भाजी आणि मासा खाऊन बघा, धान्याशिवाय कसं वाटतं ते कळेल. एकटे राहत असाल, मासे-मटण आवडत असेल आणि गोडाची सवय एकदम तोडायची असेल तर थोडे दिवस पॅलिओ करायला हरकत नाही.

शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर दोन्हीपैकी काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचाराच, भात एकदम कमी केला आणि डोस तोच राहिला तर शुगर खूप खाली जाऊ शकते. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन मनाने वाढवू नका, आणि युरिक ॲसिड असेल तर तारली, सुकट, मटण बेताने.